कोथळीतल्या बांगड्या

माझ्या कोथळीवर आजवर दोघींनी डोळा ठेवला. एक आमच्या हार्टच्या आयसीयूच्या इन्चार्ज सिस्टर, आणि दुसरी माझी सासू. एकीला ती वार्डाबाहेर हवी होती, दुसरीला ती रिकामी हवी होती. दोघीही आपापल्या जागी शहाण्या बायका आहेत. कोथळी मात्र अजून माझ्याकडेच आहे, भरलेली आहे, आणि उद्या सकाळच्या ड्यूटीला ती माझ्याबरोबर आत जाणार आहे.

कोथळी म्हणजे नाडी ओढून तोंड बंद करायचा कापडी बटवा. आमच्या बंजारा तांड्यावर जुन्या बायकांच्या कमरेला असायचा. मी नर्सिंगला निघाले तेव्हा आईने स्वतः शिवून दिला, लाल-निळ्या धाग्याचा, आरशाचे तुकडे आणि कवड्या लावलेला. तिला वाटलं, पोरगी परगावी चालली, सुट्टे पैसे आणि सुपारी कशात ठेवील? सुपारी मी कधी खाल्ली नाही. मी त्यात कात्री ठेवली.

आमचं हॉस्पिटल हिंगोलीतलं, फार मोठं नाही. ज्याला नांदेडपर्यंत दम निघणार नाही असा पेशंट आधी आमच्याकडे येतो. त्याला सावरून पुढे पाठवायचं, नाहीतर बरा करून घरी. लोकांना वाटतं की आयसीयूत सगळं मशीनच करतं. मशीन ओरडतं फक्त. ते ओरडलं की धावायला माणूस लागतो, आणि धावणाऱ्याच्या खिशात वेळेवर वस्तू सापडावी लागते. वार्डातल्या वस्तूंचं काय सांगू? त्या असतात, पण हव्या तेव्हा नसतात.

म्हणून माझं मी नेते. माझा स्वतःचा स्टेथो, कारण वार्डातला स्टेथो कानात घातला की बाहेरचा बाजारच जास्त ऐकू येतो. बोथट टोकाची कात्री. चिकटपट्टीचा रोल. डोळ्यांत उजेड टाकून बघायची बॅटरी. छातीवर केस असलेल्या माणसाला ईसीजीची बटणं चिकटत नाहीत, म्हणून रेझर. तो वार्डात कायम ‘आत्ताच संपलेला’ असतो. सेकंद काटा असलेलं घड्याळ, मनगटावर नाही, खिशाला टाचलेलं. पेन, आणि पेनाला दोरा. डॉक्टर लोक शिकलेले असतात, चांगले असतात, पण त्यांनी नेलेला पेन कुणी परत आलेला पाहिला असेल तर मला सांगा. शेंगदाणे आणि गूळ, कारण एसीत उभं राहून जेवायची वेळ टळून जाते आणि मग आपलेच हात थरथरायला लागतात. खोबरेल तेलाची लहान बाटली. काळा दोरा. आणि एक पातळ प्लास्टिकची पिशवी, नीट घडी घातलेली.

सगळ्यात खाली, रुमालात गुंडाळून, माझ्या बांगड्या. माझं सगळं भांडण या बांगड्यांवरून आहे.

आयसीयूत नर्सचे हात कोपरापासून खाली उघडे लागतात. अंगठी नाही, बांगडी नाही. नियम चांगला आहे, बांगडीखाली घाण राहते आणि ती पेशंटला जाते. मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्या मोकळ्या हातांवरून सासूचा जीव वरखाली व्हायचा.

“मोकळ्या हातानं काहून जातीस? धनी हाय न तुझा?” ती म्हणायची.

म्हणून मी घरातून हिरव्या बांगड्या घालून निघायची, हॉस्पिटलात कपडे बदलायच्या खोलीत काढायची आणि परतताना पुन्हा घालायची. काचेच्या बांगड्या रोज काढायच्या आणि घालायच्या म्हणजे खेळ नाही. सुरुवातीला रोज एखादी फुटायची. मग कळमनुरीच्या आठवडी बाजारातल्या कासारणीने मला युक्ती शिकवली. हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवायची, थोडं तेल लावायचं, अंगठा तळव्यात दुमडायचा, आणि बांगडी पिशवीवरून सरकवायची. लोण्यातून सुरी निघावी तशी निघते. “बांगडीला जोर नको बाई, वाट दे,” असं ती म्हणाली होती.

ही युक्ती एक दिवस दुसऱ्या कुणासाठी लागेल असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

सिद्धेश्वर धरणाच्या बाजूच्या एका तांड्यावरून एका म्हातारीला जीपमध्ये घालून आणलं होतं. मोठा अटॅक होता. मी ड्यूटीवर येण्याआधीची गोष्ट. तिच्या दोन्ही हातांत बलिया होत्या. आमच्याकडच्या जुन्या बायका मनगटापासून दंडापर्यंत पांढऱ्या जाड बांगड्या घालतात, त्या बलिया. पूर्वी हस्तिदंती असायच्या म्हणतात, आता प्लास्टिकच्या. लग्नात चढतात, त्या नवरा गेल्यावरच उतरतात. आता दंडाला बीपीचा पट्टा बांधायचा कुठे आणि सलाईनला शीर बघायची कुठे? म्हातारीची शुद्ध हरपत होती. ड्यूटीवरच्या सिस्टरने कटर घेऊन दोन्ही हातांच्या बलिया कापल्या, तुकडे पिशवीत भरले आणि बाहेर बसलेल्या नातेवाईकाच्या हातात दिले. पेशंटच्या अंगावरची वस्तू नातेवाईकाकडे द्यायची, हाही नियमच आहे. तिने काही चुकीचं केलं नाही. जीव वाचवायचा होता, आणि तो वाचला. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन दिलं, बीपी हाताला लागलं.

सकाळी मी आले तेव्हा म्हातारीला नुकतीच नीट जाग आली होती. तिने पाणी मागितलं. मग हात वर केला, आणि बघतच राहिली. मग दुसरा हात वर केला. तिच्या हातांची ती कातडी लग्नानंतर उजेडात आलेली नसावी. बाकीचा हात काळा आणि मधला भाग पांढराफटक.

ती किंचाळली नाही. किंचाळली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त छातीवरच्या वायरी ओढायला सुरुवात केली. मशीन ओरडायला लागलं. ठोके वाढले, सलाईनची सुई हलली. त्या इंजेक्शननंतर कुठे जखम झाली तर रक्त लवकर थांबत नाही. मी आणि दुसऱ्या सिस्टरने तिचे हात धरले.

“सोडा मला,” ती तांड्याच्या बोलीत म्हणाली. मी ते इथे मराठीत लिहिते. “तो गेला. मला कळू दिलं न्हाई तुमी. मी आता इथं कशाला राहू?”

“कोण गेला, याडी?” मी तिच्याच बोलीत विचारलं. आम्ही आईला आणि मोठ्या बाईला याडी म्हणतो. आपली बोली ऐकून ती एक क्षण थांबली.

“माझे हात बघ की. तुला कळत न्हाई व्हय?”

मला कळलं. आमच्या वार्डात तेव्हा मला एकटीलाच कळलं असेल. मी शहाणी म्हणून नाही, मीही तांड्यावरचीच म्हणून. तिला सांगितलं की नवरा जिवंत आहे, बाहेर बसलाय, इलाजासाठी कापल्या. तिने मान फिरवली. “असंच म्हणत्यात,” ती म्हणाली. खरंच आहे. आपण सगळेच म्हणतो की काही नाही झालं, तू झोप.

डॉक्टर झोपेचं इंजेक्शन देऊ म्हणाले. मी म्हटलं, सर, आधी तिचा नवरा आत आणू द्या. भेटीची वेळ नव्हती. डॉक्टरांनी मॉनिटरकडे बघितलं, म्हणाले, लवकर.

मी बाहेर गेले. म्हातारा पायरीवर बसला होता, पागोटं मांडीवर, आणि मांडीवरच ती तुकड्यांची पिशवी. मी जवळ गेले तर त्याने वर बघितलंच नाही.

“बाबा, चला आत. याडी बोलवून राहिली.”

“कोण याडी?” तो म्हणाला.

“तुमची घरवाली.”

त्याने पिशवी पुढे केली. “माझ्या हातात ह्या दिल्या,” तो म्हणाला. “मला वाटलं संपलं. मंग मी कुणाला काय इचारू? गाडीवाल्याची वाट बघून राहिलो, न्यायला.”

आजही लिहिताना मला राग येतो. बायकोच्या बांगड्या पिशवीत घालून नवऱ्याच्या हातात देतात ते कधी, हे आमच्याकडे लहान लेकराला कळतं. तो रात्रभर ती मेली म्हणून बसला होता, आणि ती सकाळी तो मेला म्हणून उठायला निघाली होती. दोघं जिवंत. मध्ये एक दार आणि आमचे नियम. नियम चुकीचे नव्हते म्हणते ना मी! पण त्या दोघांशी एक वाक्य कुणी बोललं नव्हतं.

त्याला चपला काढायला लावल्या, गाऊन चढवला, टोपी-मास्क लावला आणि खाटेपाशी नेलं. म्हातारीने त्याला खालून वर बघितलं.

“ह्यो कोण?” ती मला म्हणाली. “कुणाला बी आणून उभं करता?”

मी त्याचा मास्क ओढून खाली केला. टोपीही काढली. चुकलं तर चुकलं. म्हाताऱ्याच्या मिशा दिसल्या आणि म्हातारीने हातातली वायर सोडली. दोघं एकमेकांकडे बघत होते, आणि मग म्हातारी त्याच्यावर अशी खेकसली की तो दचकून मागे सरकला. “दाढी का वाढवली?” म्हणाली. एका रात्रीत किती दाढी वाढते! मी हसले, आणि हसता हसता माझे डोळे भरले. मशीन हळूहळू गप्प झालं.

मोकळे हात घेऊन ती तरीही राहायला तयार नव्हती. बलिया परत चढवता येत नव्हत्या, तर मी खिशातल्या काळ्या दोऱ्याचा तुकडा तिच्या मोकळ्या मनगटाला बांधला, सुई नव्हती त्या हाताला. गाठ मारायला म्हाताऱ्याला लावलं. ती बरी होऊन गेली तेव्हाही तो दोरा हातावर होता.

त्या दिवसापासून दोराही कोथळीत कायमचा आला, आणि तेल आणि प्लास्टिकची पिशवी माझ्या एकटीसाठी राहिली नाही. बांगडी काढायची असली की मी आधी सांगते. बाई शुद्धीत नसली तर तिच्या माणसाला सांगते, आणि ती शुद्धीवर आली की तो जिवंत असल्याचं त्याच्याकडूनच तिला सांगायला लावते. काढता येते तिथे कापत नाही. कापायलाच लागली तर कापते, जिवाशी खेळ नाही. पण तुकडे मुक्याने कुणाच्या हातात देत नाही.

पुढे आमच्याकडे नवीन इन्चार्ज सिस्टर आल्या. कामाला वाघ, जिभेला मिरची. पहिल्याच आठवड्यात त्यांनी कोथळी दोन बोटांत धरून वर केली.

“हे काय आहे? जत्रेला आलात का सिस्टर?”

“माझं सामान आहे मॅडम.”

“आरसे, कवड्या, सुताची नक्षी! किती जंतू बसत असतील यात? उद्यापासून पारदर्शक पाऊच. सगळ्यांसारखा.”

जंतूंचं त्यांचं म्हणणं बरोबर होतं, ते मी मानलं. ‘जत्रे’चं मानलं नाही. कोथळीतल्या वस्तू वेगळ्या पाऊचमध्ये घालायला मला काय जड होतं? पण ती ज्या बोटांनी उचलली होती ना, त्या बोटांनी आमच्या बायकांचे झगे-ओढण्या लोक उचलतात. ते मी लहानपणापासून बघत आले. मी म्हटलं, “मॅडम, जंतू धुवून मरतात. कोथळी धुवून आणीन, रोज.”

आणि रोज धुतली. जंतुनाशकात बुडवून, उन्हात वाळवून, त्यांच्या टेबलासमोरून हातात धरून नेली. एक धुतली की दुसरी, कारण मी आईकडून आणखी एक शिवून घेतली. आरसे निखळले, कवड्या मीच काढल्या, लाल रंग उडून गुलाबी झाला. मॅडम रोज बघायच्या. मग एक दिवस शेजारच्या वार्डात एका गावकरी बाईच्या सुजलेल्या हातात पाटल्या अडकल्या होत्या. तिकडून फोन आला आणि मॅडमच मला म्हणाल्या, “जा, तुमची कोथळी घेऊन जा.” परत आले तेव्हा म्हणाल्या, “ट्रॉलीवर ठेवू नका. खालच्या कप्प्यात ठेवत जा.” माझ्यासाठी तेवढं पुष्कळ होतं. त्यांचा मान राहिला, माझी कोथळी राहिली.

घरातलं भांडण असं मिटलं नाही.

माझा नवरा गेला तो छातीनेच. मी हार्टच्या वार्डात नोकरी करणारी, आणि माझ्या घरात माणूस ‘गॅस झाला असंल’ म्हणून सोडा पिऊन आडवा झाला. मी ड्यूटीवर होते, मला फोनसुद्धा केला नाही. का, तर मला तकलीफ नको. मला त्याचा अजून राग येतो, आणि राग येतो तेव्हाच तो जास्त आठवतो. चांगला माणूस होता. रोज मला बसस्टँडवर सोडायचा आणि बांगड्या मोजून हसायचा, आज किती फुटल्या म्हणून.

त्या दिवशी बायका जमल्या. माझा हात धरला. पद्धत काय आहे ते मला माहीत होतं. मी हात सोडवून घेतला आणि म्हटलं, “मी काढते.” कोथळीतून पिशवी काढली, तेल लावलं आणि एकेक बांगडी सरकवली. एकही फुटली नाही. रुमालात गुंडाळल्या आणि जागेवर ठेवल्या. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. कुणीतरी म्हणालं, “हिला रडू बी येत न्हाई.” उचलली जीभ लावली टाळ्याला.

सुट्टी संपून मी कामावर गेले. ड्यूटी संपली, कपडे बदलले, आणि रोजच्या सवयीने हात कोथळीत गेला. बांगड्या घातल्या. घातल्यावर मला कळलं की मी काय केलं. मी त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. काढाव्यात असं वाटेना. त्या त्याने घेतलेल्या नव्हत्या, मी घेतलेल्या होत्या. नवरा असताना मी त्या रोज काढत होते, त्याने तो मेला नव्हता. मग आता घातल्याने काय होणार होतं?

दारात सासूने बघितलं.

“कुणासाठी?” ती म्हणाली.

“माझ्यासाठी.”

तीही फार लवकर विधवा झालेली बाई. तिच्या हातावर त्यानंतर काही चढलं नाही. तिने माझ्याशी बोलणं टाकलं. एकदा कोथळीतून बांगड्या काढून उकिरड्यावर टाकल्या. मी बाजारातून दुसऱ्या आणल्या. कासारणीने कपाळाकडे बघितलं, हाताकडे बघितलं, आणि काही न विचारता घातल्या. शेवटी एक दिवस सासू भाकरी थापता थापता म्हणाली, “लोक मला बोलून राहिले. निदान हिरव्या तरी नको घालू.” मला तिची कीव आली. तिच्यावर माझी माया आहे, ती माझ्या भाकरीवर अजून तूप घालते. पण बांगड्या हिरव्याच राहिल्या. रंग बदलला तर मी काहीतरी चोरी केल्याचं कबूल केल्यासारखं झालं असतं.

कुणी म्हणेल, त्या म्हातारीला तू नवरा आणून दाखवलास, दोरा बांधलास, आणि स्वतः मात्र म्हणतेस की बांगडी आणि नवरा यांचा संबंध नाही. हो, म्हणते. तिच्यासाठी होता, म्हणून मी तो मानला. खाटेवर पडलेल्या बाईशी वाद घालायचा नसतो. माझ्यासाठी नाही, तर तोही कुणीतरी मानावा.

या पावसाळ्याच्या आधी ती म्हातारी तपासणीला आली. माझी ड्यूटी संपली होती, मी निघत होते. ती बाकावर एकटीच बसलेली. मला लांबूनच ओळखू आली ती हातांवरून. दोन्ही हात मोकळे, बलियांखालची कातडी अजून जरा फिकी. दोरासुद्धा नव्हता.

“याडी, बाबा?” मी विचारलं.

“गेला,” ती म्हणाली. “या बारीला खराच गेला.” मग तिने माझे हात बघितले. “तुझा धनी बरा हाय?”

“न्हाई. गेला.”

तिने माझं मनगट धरून बांगड्या वाजवून बघितल्या, बाजारात घेण्याआधी वाजवतात तशा. मला वाटलं, आता हीसुद्धा बोलणार. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

तिने स्वतःचा हात पुढे केला. “मला दे एक.”

मीच घाबरले. इतके दिवस सगळ्यांशी भांडलेली मी, आणि तोंडातून निघालं ते सासूचंच वाक्य. “याडी, तांड्यावर लोक बोलतील.”

“त्या वक्ताला कापताना मला कुणी इचारलं व्हतं?” ती म्हणाली. “मंग घालताना मी कुणाला इचारू?”

मी माझ्या हातातली एक काढली. कोथळीतून प्लास्टिकची पिशवी काढली, घडी उलगडली, पण ती लागलीच नाही. तिचा हात इतका वाळला होता की बांगडी आपसूक मनगटावर जाऊन बसली. ती पदर ओढून झाकेल असं मला वाटलं. झाकली नाही. फाटकाबाहेर जीप उभी होती, तिच्या तांड्यावरचे लोक आत बसलेले. त्याच हाताने वरचा दांडा धरून ती आत चढली.